राजाचे उसने पणजोबा

राजे, पत्राला फार उशीर झाला, माफ करा. माझी मुलगी सांगते त्या हिशेबाने साधारण तेराशे वर्षांचा उशीर. त्यातली निदान चार वर्षं तरी मी माझ्या अंगावर घ्यायला पाहिजेत, कारण तुमची ओळख झाल्यापासून तुम्हाला एक गोष्ट विचारायची मनात आहे आणि मी ती पुढे ढकलत आलो. आधी वाटलं, महाराज म्हणावं की नुसतं राजे म्हणावं. मग वाटलं, तुम्हाला मराठी कुठून वाचता येणार. मुलगी म्हणते, तुम्हाला बहुधा कुठलीच भाषा वाचता येत नव्हती, लिहिण्यावाचण्याचं काम मठातल्या साधूंकडे असायचं. तसं असेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या, पण माणूस भरवशाचा बघा. पुढे घरातल्या गोष्टी आहेत. मी स्वतः सातवी शिकलो आहे, त्यामुळे अक्षराला आणि वाक्यांना हसू नका.

मी श्रूजबरीला राहतो, मॅसॅच्युसेट्समध्ये. मूळचा नागपूरकडचा. बायको नर्स, तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि तिच्यामागे मी आलो. आमच्यात आधी पुरुष येतो आणि मागून बायको, माझं उलटं झालं, त्यावर लोक बरंच बोलले. शेजारच्या गावात ग्राइंडिंग व्हीलचा, म्हणजे लोखंड घासायच्या दगडी चाकांचा, कारखाना होता, तिथे मी बावीस वर्षं काढली. माझं काम चाकं तपासायचं. चाक टांगायचं, लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, आत तडा असला तर बद्द आवाज येतो. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. तडा गेलेलं चाक मशीनवर चढलं तर फुटून माणूस मरतो, म्हणून मला झोपेतसुद्धा ते आवाज यायचे. आमचा फोरमन तुमच्याकडचा होता, म्हणजे त्याचे आजोबा तुमच्या बेटावरून उपाशी पोटी बोटीत बसलेले. तो जेवणाच्या सुट्टीत म्हणायचा, आमच्या आयर्लंडात ज्याला विचाराल तो राजाचा वंशज. मग शेण कोण काढत होतं, ते कोणालाच माहीत नाही. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण घरी येताना गाडीत ते माझ्या डोक्यात घोळत राहायचं.

आता मुलीचं सांगतो. ती इथेच जन्मली, एकुलती एक. ती आठ वर्षांची असतानाची एक संध्याकाळ मला रोज आठवते. त्याआधी महिनाभर आमच्याकडे एक पुण्याचं कुटुंब येत होतं. त्यांची मुलगी आणि आमची एका वर्गात, दोघी एकमेकींवाचून जेवत नसत. त्या गृहस्थांना सगळ्यांची गावं आणि आडनावं विचारायची सवय होती. मला म्हणाले, "आडनावावरून तुमचा काही पत्ता लागत नाही बुवा." मी गावाचं नाव सांगितलं, विषय बदलला. मग ते हॉलमध्ये येऊन बसले. आमच्या घरात हॉलमध्ये एक फोटो असतो, सूट घातलेला, गोल चष्म्यातला. तो असला की आडनाव विचारावं लागत नाही. त्यांनी फोटोकडे पाहिलं, चहा घेतला, छान बोलले, गेले. पुन्हा आले नाहीत. भांडण नाही, काही नाही. त्यांच्या मुलीला शनिवारी पियानोचा क्लास लागला, रविवारी पोहण्याचा. आमची मला विचारायची, बाबा, ती का येत नाही? मी म्हणायचो, क्लास आहे तिचा.

त्याच आठवड्यात शाळेतून कागद आला. झाड काढलेलं होतं आणि फांद्यांवर चौकटी. प्रत्येक चौकटीत घरातल्या माणसाचं नाव आणि तो काय करत होता ते लिहायचं, मग सगळी झाडं वर्गाच्या भिंतीवर लागणार. ती स्वयंपाकघरात टेबलावर क्रेयॉन घेऊन बसली आहे, बायको ड्यूटीवर आहे, मी कुकरच्या शिट्ट्या मोजतो आहे. तिचं नाव झालं, आमची झाली, माझ्या वडिलांचं झालं, गिरणी कामगार. मग ती म्हणते, "अँड हिज फादर?" म्हणजे माझे आजोबा, तिचे पणजोबा. राजे, मला माझे आजोबा माहीत होते. त्यांच्या मांडीवर मी बसलो आहे. पण ते काय करत होते हे मी त्या चौकटीत लिहिलं असतं, तर ते भिंतीवर लागलं असतं आणि त्याच वर्गात पुण्याच्या मुलीचे आईवडील पालकसभेला येणार होते. मी म्हणालो, ते शिलेदार होते. म्हणजे काय? म्हणजे नागपूरच्या राजाच्या पदरी घोडेस्वार, स्वतःचा घोडा, स्वतःची तलवार. तिचे डोळे एवढे झाले. आजोबांचं नाव एका शब्दाचं होतं, लांबून हाक मारायला सोयीचं. मी त्याला पुढे राव जोडलं. तिने तपकिरी क्रेयॉनने घोडा काढला. बाईंनी त्यावर सोनेरी चांदणी चिकटवली.

ते झाड वर्गातून घरी आलं, फ्रिजवर लागलं, मग बायकोच्या वाढदिवसाला मुलीनेच ते फ्रेम करून आणलं आणि ते हॉलमध्ये गेलं. फोटो आमच्या बेडरूममध्ये गेला. कोणी कोणाला हलवलं असं झालं नाही, भिंतीवर एकच खिळा बरा होता असं मी तेव्हा म्हणालो. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला मुलीने सगळ्यांना घोड्याची गोष्ट सांगितली. तेव्हापासून तरुण पोरं मला शिलेदारकाका म्हणू लागली. काका, घोडा पार्किंगमध्ये लावला का? काका, तलवार कस्टममध्ये अडकली का? अशी थट्टा. मला ती आवडायची. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडायची. पुण्याचं कुटुंब मात्र परत आलं नाहीच. म्हणजे ज्या कामासाठी घोडा आणला ते झालंच नाही, आणि घोडा दारात उभा राहिला.

बायको सगळं जाणून होती. तिने एकदाच विचारलं, "हे कशाला केलंत?" मी म्हणालो, पोरीसाठी. मी पंचविशीत असताना नागपूरला पांढरे कपडे घालून लाखो माणसांत उभा राहिलो होतो आणि खोटं बोलणार नाही असं मोठ्याने म्हणालो होतो. त्या दिवशी मला वाटलं होतं की आता कोणापुढे मान खाली घालायची नाही. ती मी घातली, तीही अमेरिकेत येऊन, जिथे कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

मुलगी मोठी झाली, आमचे लोक कोण होते हे पुस्तकांतून तिला कळलं. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं ते आपण, हे मी तिच्यापासून लपवलं नाही, तसं लपलंही नसतं. मला वाटलं, आता घोडा पडणार. पण झालं उलटंच. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे त्या काळात आपल्यातला एक माणूस घोड्यावर बसला होता. दॅट्स अमेझिंग." तिचा अभिमान दुप्पट झाला. कॉलेजात गेली, डॉक्टर होणार होती, ॲडमिशन हातात होती. एक दिवस म्हणाली, मी जुन्या राजांचा आणि त्यांच्या वंशावळींचा अभ्यास करणार. त्यातही हिंदुस्थानातले राजे नाहीत, तर तुम्ही. माझं ब्लडप्रेशर तेव्हापासूनचं आहे. मी विचारलं, हे वेड कुठून आलं? ती म्हणाली, "तुमच्यामुळे. फ्रिजवरच्या झाडामुळे."

तेव्हापासून तुम्ही आमच्या घरात आहात. आयर्लंडच्या एका प्रांताचे राजे, आधी आणि नंतरचे दोन्ही राजे मोठे, मध्ये तुम्ही. मठातल्या वहीत तुमच्यावर एकच ओळ आहे: अमक्याचा मुलगा अमका, प्रांताचा राजा, वारला. लढाई नाही, लग्न नाही, खून नाही. त्या ओळीवर माझ्या मुलीने चार वर्षं घातली. मी चिडायचो, पण मला तुमचा लळा लागला. फोनवर ती बोलली की मी विचारायचो, काय म्हणतात तुझे राजे? एकदा ती म्हणाली, तुमच्या लोकांत अशी समजूत होती की राजा खोटं बोलला की गाई आटतात, ओकच्या झाडांना फळ धरत नाही, नदीत मासे येत नाहीत. मी हसलो. पण फोन ठेवल्यावर मागच्या अंगणात गेलो आणि माझ्या टोमॅटोंकडे पाहत उभा राहिलो.

आता या ऑगस्टचं. तुमच्याकडच्या लायब्ररीत जुनं हस्तलिखित बघायला ती दोन महिन्यांसाठी निघणार होती, त्याआधीचा रविवार. बायको भाकरी थापते आहे, मुलगी पाय वर घेऊन खुर्चीवर बसली आहे आणि मला सांगते आहे की तिला काय सापडलं. तुमच्यानंतर शंभर-दोनशे वर्षांनी कोणा विद्वानांनी तुमची वंशावळ लिहिली. तुमचे आजोबा खरे असावेत, पण पणजोबांच्या जागी त्यांनी एका बड्या घराण्यातला माणूस आणून बसवला, कारण तुमची माणसं खंडणी भरणारी, दुसऱ्यांच्या जमिनीवर राबणारी होती आणि अशांत राजा निपजला हे पुढच्यांना पटेना. ती म्हणाली, "बाबा, ऐका हं, तुम्ही चाकं ऐकायचा तसं," आणि चमच्याने ताटाच्या कडेवर टकटक करत एकेक नाव म्हणू लागली. वडील, टण. आजोबा, टण. पणजोबांपाशी तिने चमचा टेबलावर आपटला. बद्द. "सी? नाव टू गुड आहे. कोणीतरी आणून ठेवलंय." ती हसली, तिची आई हसली नाही.

मी म्हणालो, "त्याला मरून तेराशे वर्षं झाली. आता त्याच्या आजापणजाचे कपडे उतरवून तुला काय मिळणार आहे?"

"बाबा, मी कपडे नाही उतरवत. त्याला दुसऱ्याचा कोट घातलाय. आय ॲम जस्ट सेइंग, तो त्याच्या मापाचा नाहीये."

"त्याला थंडी वाजत होती की नाही, हे तुला काय माहीत?"

ती म्हणाली, "व्हाय आर यू सो अँग्री?" मग समजावायला लागली की ती तुमच्या बाजूचीच आहे. मोठा पणजोबा नसताना तुम्ही स्वतःच्या जोरावर राजा झालात, ही तुमची एकमेव गोष्ट, आणि तुमच्याच माणसांनी ती पुसली. खरा पणजोबा कोण होता ते त्यामुळे आता कधीच कळणार नाही. मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "दुसऱ्याच्या घराण्यात खोट काढायला शिकलीस. एवढ्यासाठी डॉक्टरकी सोडलीस?" तिने हातातला घास ताटात ठेवला. मग ती उठली, ताट धुतलं, पुसून जागेवर ठेवलं. आमच्या घरात ताट कधी कोणी लगेच पुसून ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळावर तिची आई एकटी गेली. मी म्हणालो, पाय दुखतो आहे.

सहा आठवडे ती आईशी फोनवर बोलते आहे. मी फोनजवळ उभा असतो, बायको रिसीव्हर पुढे करते, मी मानेनेच नाही म्हणतो. पण सोमवारी आम्ही दोघं दुकानात गेलो होतो आणि परत आलो तर आन्सरिंग मशीनचा दिवा लुकलुकत होता. ती मराठीत बोलली आहे. ती मराठीत बोलते तेव्हा सावकाश बोलते, पायाखालची फरशी ओली असल्यासारखी. "बाबा, सॉरी. मी त्या दिवशी हसले ते चुकलं. मी विचार केला की तुम्हाला एवढं का लागलं. आपले पणजोबा खरे होते ना, म्हणून. मी दुसऱ्यांच्या पूर्वजांना खोटं म्हणते, तर तुम्हाला वाटलं असेल उद्या मी आपल्यांनापण म्हणेन. मी नाही म्हणणार. थीसिसच्या पहिल्या पानावर मी त्यांचं नाव टाकतेय, टू माय ग्रेट-ग्रँडफादर, हू रोड अ हॉर्स. स्पेलिंग सांगा ना. शुक्रवारी पानं द्यायची आहेत. तुम्ही स्वतः फोन करा, आईला नका सांगू." एवढंच. आज बुधवार आहे. मी ते इतक्या वेळा ऐकलं आहे की मला आता तिचा श्वास कुठे येतो तेही पाठ झालं आहे.

बायकोनेही ऐकलं. काल सकाळी चहा देताना म्हणाली, "अहो, नागपूरला वॉर्डात असताना बघायचे मी. छातीत गाठ हाताला लागली की बायका आधी सैल पोलकी शिवून घ्यायच्या. आमच्याकडे वर्षाने यायच्या." मी म्हणालो, तिचं काम होऊ दे, परीक्षा होऊ दे, मग सांगू. ती म्हणाली, "तिचं कामच हे आहे. उद्या तिला दुसऱ्या कोणाकडून कळलं, तर तुमची बाकीची खरी नावंही ती ठोकून बघेल." मग ती ड्यूटीवर गेली. मी एकदा फोन लावला. तिच्या घरमालकीणबाईंनी उचलला, हॅलो हॅलो म्हणाल्या, मी ठेवून दिला. त्यांना वाटलं असेल, चोर आहे.

म्हणून तुम्हाला विचारतो. ते पणजोबा तुम्ही मागितले होते का? की तुमच्या मागे लोकांनीच परस्पर दिले? तुम्हाला नुसतं कळलं असतं, तर तुम्ही ठेवून घेतले असते का? आणि खऱ्या पणजोबांचं काय? ते कुठेतरी बसून बघत असतील का, की आपल्या जागी हा कोण?

माझ्या खऱ्या आजोबांचं सांगतो, कोणाला सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे गावकीची कामं होती. सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, सरकारी माणूस आला की पुढे पळायचं. उकिरड्याजवळ झोपडी. गावच्या विहिरीवर जायचं नाही. पण दोन गावांत शिवेवरून भांडण लागलं, की त्यांना बोलावणं यायचं. शीव कुठून जाते हे आमच्या लोकांना पिढ्यांपासून ठाऊक असायचं. माझे वडील सांगायचे, आजोबा डोक्यावर मातीचं ढेकूळ घ्यायचे आणि अनवाणी चालत सुटायचे. मागे दोन्ही गावचे पाटील, कुलकर्णी, सगळे. कोणी बोलायचं नाही. ते जिथून चालले ती हद्द. तिथे दगड रोवले जायचे. खोटं चालला तर वंश बुडतो असं मानत, आणि आजोबा खोटं चालले नाहीत. एकदा आपल्याच गावच्या पाटलाची चार बिघे पलीकडे गेली, तरी चालले. त्याबद्दल पुढे मार खाल्ला. चालून झालं की तहान लागलेली असायची, आणि पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं.

हे मी त्या चौकटीत लिहू शकलो असतो. आठ वर्षांच्या मुलीने डोक्यावर माती घेतलेला माणूस काढला असता. बाईंनी त्यालाही चांदणी लावली असती, लावली नसती का? मला तेव्हा फक्त उकिरडा आणि ओढलेली ढोरं दिसली. मी त्या माणसाला घोड्यावर चढवलं आणि हाकलून दिलं.

उद्या सकाळी सहा वाजता फोन करीन, तेव्हा तिच्याकडे अकरा वाजलेले असतील. कागदावर नाव लिहून ठेवलं आहे, राव नसलेलं. स्पेलिंग काय सांगायचं ते मलाही ठाऊक नाही, कारण ते नाव आजवर कोणी कुठे लिहिलेलंच नव्हतं. तिने पहिल्या पानावर घातलं तर ती पहिली वेळ असेल. नाही घातलं, माझ्याशी बोलायची बंद झाली, तर तेही मला ऐकून घ्यावं लागेल. बोलता बोलता माझी जीभ पुन्हा शिलेदाराकडे वळेल याची मला फार भीती वाटते.

हे पत्र मी कुठे टाकणार, तुमचा पत्ता तर तिलाही सापडलेला नाही. आणि एक गोष्ट कबूल करतो, राजे. हे मी तुम्हाला लिहायला घेतलंच नव्हतं. पहिल्या ओळीवर "बेटा" लिहिलं होतं. तासभर त्यापुढे शब्द सुचला नाही, म्हणून ते खोडलं आणि तुमचं नाव घातलं. तुम्ही परके, मेलेले, तुमच्यापुढे बोलता आलं.

ती अजून दोन आठवडे तुमच्याच प्रांतात आहे. तुम्हाला तुमच्या खऱ्या पणजोबांचं नाव आठवत असलं तर तिला कळवा, कितीही साधं असलं तरी. ती जपून लिहून घेईल. आणि मला दोन ओळी टाका, उद्या सहाच्या आत जमलं तर बघा. लवकर कळवा, मी वाट बघतो आहे.